चाळीस मुलांची वस्ती

(सकाळ. नगर रस्ता. मजूर अड्ड्यावर थांबलेली माणसं, डोक्यावर घमेली.)

पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यावरची वाघोली. परवापरवापर्यंत इथे ग्रामपंचायत होती. 30 जून 2021 ला 23 गावं पुणे महापालिकेत आली, त्यांत हेही आलं. शेतांच्या जागी इमारती उठल्या. त्या बांधणारे मात्र पत्र्याच्या खोल्यांत राहतात, इमारत पूर्ण होईपर्यंत.

(पत्र्याच्या खोल्यांची रांग. उंबऱ्यात, भावाला कडेवर घेतलेली मुलगी.)

आईबाप कामावर गेले की मागे उरतात ती ही मुलं. धाकटा थोरलीच्या कडेवर, मधला वाळूच्या ढिगावर. थोरलीचं वय शाळेत जाण्याचं आहे, पण या दोघांना सोडून ती जाणार कशी? बालवाडी नसली की तीन वर्षांच्या मुलाबरोबर त्याच्या बहिणीचीही शाळा बुडते.

चौकात नर्सरीच्या रंगीत पाट्या आहेत. ती फी रोजंदारीवर परवडत नाही.

मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला, तो सहाव्या वर्षापासून. तीन ते सहा वयासाठी 2009 च्या त्याच कायद्यात कलम 11 आहे, पण तिथे सरकार मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय 'करू शकेल' एवढंच म्हटलं आहे. मुलाच्या भाषेचा, कुतूहलाचा पाया ज्या वर्षांत घातला जातो, ती वर्षं अशी 'शकेल' या शब्दावर सोडून द्यावीत, हे मनाला पटत नाही.

(जुनी छायाचित्रं. समुद्रकाठचं गाव, झाडाखाली बसलेली मुलं.)

हा प्रश्न महाराष्ट्राने फार पूर्वी हातात घेतला होता. 1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बालवाडी उघडली, पण गरिबाघरची मुलं तिथवर येईनात. मग या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणातली वाडी, ती अंगणवाडी. खेळणी म्हणजे शिंपले, बिया, खडे, पानं. दारापुढची शाळा आई येताजाता बघायची.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांत. तिथली मुलं गुरांमागे रानात असायची. तर शाळा कुरणात भरली! मूल जिथे असेल तिथे आपण जायचं, हा त्या दोघींचा साधा हिशेब होता.

(आजची अंगणवाडी. सतरंजी, भिंतीवर अक्षरं, खिचडीचं पातेलं.)

2 ऑक्टोबर 1975 ला देशाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. इथे गरम खाऊ मिळतो, वजन घेतलं जातं, लस टोचली जाते, आणि गाणी-गोष्टींतून शिकणंही होतं. एकही रुपया फी नाही.

साधारण 400 ते 800 लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, असं प्रमाण ठरलेलं आहे. आता ही लोकसंख्या कुठून घ्यायची? 2021 ची जनगणना झाली नाही, त्यामुळे हाताशी उरले 2011 चे आकडे. तेव्हा या पत्र्याच्या खोल्यांच्या जागी शेत होतं. वाळूच्या ढिगावरच्या त्या पोराची, त्याच्या गल्लीची, कुठल्याच जनगणनेत नोंद नाही.

म्हणून एक तारीख आईबापांना माहीत असायला हवी. 13 डिसेंबर 2006. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गावातल्या किंवा झोपडपट्टीतल्या ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केली की तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे.

मागणी करायची, तर मुलं मोजायला हवीत.

(सेविकेचे हात, रजिस्टर, मोबाईल.)

मोजण्याचं काम अंगणवाडीच्या ज्या ताई करतात, त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला 2022 उजाडलं आणि तेही सर्वोच्च न्यायालयात. अंगणवाड्या वाढवा म्हणताना या बाईला तिच्या कामाचं मोल द्या, हेही त्याच दमात म्हटलं पाहिजे.

(संध्याकाळ. कामावरून परतणाऱ्या बाया. चुली पेटतात.)

नावं लिहायची ती याच वेळी, आया घरी आल्यावर. कागदावर चार रकाने: मुलाचं नाव, वय, आईचं नाव, खोली. पहिल्या खोलीत दोन. दुसरीत एक. तिसरीला कुलूप आहे, तिथे उद्या पुन्हा यायचं.