झुडपाआधी माती

हा खड्डा ३० सेंटिमीटर खोल आहे. त्यात पाणी भरलं, पूर्ण जिरू दिलं आणि पुन्हा काठोकाठ भरलं. आता उभी केलेली पट्टी पाहा. तासाभरात पाणी जेमतेम अर्धा सेंटिमीटर उतरलंय. अडीच सेंटिमीटर उतरलं असतं, तर बहुतेक झुडपांना इथला निचरा पुरला असता.

चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. ते दाटीनं बसले की पाणी अडून राहतं आणि हवेला जागाच उरत नाही. मुळांना तर श्वास हवा असतो. पाण्यात गुदमरलेलं झुडूपही तहानलेल्यासारखीच मान टाकतं, आणि आपण काळजीपोटी त्याला आणखी पाणी घालतो.

अशा मातीत थोडी वाळू मिसळायचा मोह आवरा. बारीक कण वाळूच्या फटींत भरतात आणि माती आणखी आवळते. जिप्समही सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीतच उपयोगी पडतं.

फक्त खड्ड्यात कसदार खत-माती भरणं हा उपायही फसवा आहे. भोवतालची घट्ट माती पाणी बाहेर जाऊ देत नाही, खड्ड्याचं टाकं होतं. मुळंही त्या मऊ मातीतच घुटमळतात. म्हणून सुधारायचा तो सगळा वाफा. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत ५ ते ८ सेंटिमीटर पसरून वरच्या २० ते ३० सेंटिमीटर मातीत मिसळायचं. तेही वाफसा आल्यावरच, म्हणजे मातीतली ओल बेताची झाल्यावर. ओल्या चिकणमातीत कुदळ घातली, तर अशी दगडासारखी ढेकळं होतात आणि मातीची घडण मोडते.

मग खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, पण तिच्या उंचीपेक्षा खोल नको. खोलवर मोकळी केलेली माती पुढे बसते आणि झुडूप खाली जातं. घट्ट जमिनीत हुंडीचा माथा दोन बोटं वरच राहू द्या. पाणी मुळीच हटत नसेल, तर उंच वाफा करणं हाच खात्रीचा मार्ग.

शेवटी ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळ्याचं किंवा लाकडाच्या चिपांचं आच्छादन घाला. खोडाभोवती मात्र मोकळी जागा ठेवा, नाहीतर साल कुजते. हा थर हळूहळू कुजत जातो, गांडुळं तो खाली ओढतात, त्यांच्या बिळांतून हवा आणि पाणी आत शिरतं. कुदळीला न जमणारं हे काम आहे, आणि त्यासाठी थर विरळ झाला की पुन्हा भरत राहायचा.