पट्टीवाला डायोड घेताना

मागच्यांनी जरा पुढं या, कारण माझ्या हातातला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, जेमतेम पाच मिलिमीटरचा आहे. काळं अंग, एका टोकाला चंदेरी पट्टी. पट्टीची बाजू म्हणजे कॅथोड, करंट बाहेर पडतो ते टोक, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून सरळ दुकानाच्या काउंटरवर जाऊ.

१एन४००१ ते १एन४००७ ही डायोडची सात भावंडं (पुढं नंबराआधीचं '१एन' मी गाळतो). सगळी एक अँपची. फरक फक्त उलटं व्होल्टेज किती सोसतात याचा. ४००१ ला ५० व्होल्ट, ४००४ ला ४००, ४००७ ला १०००. किमतीत म्हणावा असा फरक नाही, तेव्हा ४००७ च घ्या आणि डबा भरून ठेवा. काटकसर करायला इतर जागा पुष्कळ आहेत.

तरी हिशेब माहीत हवा. आपल्या घरचे २३० व्होल्ट ही आरएमएस, म्हणजे एसीची परिणामी किंमत, शिखर ३२५ च्या आसपास. एकच डायोड लावून पुढं चार्ज साठवणारा कपॅसिटर ठेवला, की तो ३२५ ला भरून बसतो. पुढच्या अर्ध्या फेरीत लाइन उलट्या बाजूनं ३२५ ला जाते. डायोडच्या दोन टोकांत झाले ६५० ! इथं ६०० चा ४००५ सुद्धा कमी पडला. त्यात रात्री शेतीपंपांचा लोड उतरून लाइन २६० वर चढली, तर तोच आकडा ७३५. चार डायोडच्या ब्रिजमध्ये मात्र प्रत्येकावर शिखराएवढंच येतं.

व्होल्टेजचं झालं. लोक फसतात ते करंटला. 'एक अँप' हा आकडा भोवतालची हवा ७५ अंशांपर्यंत असताना, साधारण एक सेंटिमीटर पाय ठेवून मोजलेला असतो. एक अँपला डायोडवर व्होल्टभर पडतं, म्हणजे वॉटभर उष्णता, आणि ती बाहेर जाते मुख्यतः पायांतून. बंद डब्यात सतत पाऊण अँपच्या वर जायचं असेल तर मी तीन अँपचा ५४०८ घेतो. फक्त त्याचे पाय जाड, सव्वा मिलिमीटरच्या घरातले. नेहमीच्या भोकात जात नाहीत. आधी ड्रिल करा, मग डायोड बोर्डापासून थोडा उचलून सोल्डर करा.

आता माझीच फजिती सांगतो. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचा पाच व्होल्टचा छोटा एसएमपीएस, म्हणजे वेगानं चालू-बंद होत चालणारा पॉवर सप्लाय, दुरुस्तीला आला होता. सेकंडरीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुट बाजूचा, डायोड शॉर्ट. तीन अँपचा गेलाय ना, मग तीन अँपचा ५४०८ टाकला. दोन मिनिटांत वास ! तिथली फ्रिक्वेन्सी ६० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एक फेरी सोळा-सतरा मायक्रोसेकंदांची. ५४०८ सारख्या साध्या रेक्टिफायर डायोडला बंद व्हायलाच काही मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ तो उलटाही वाहतो आणि तापतो. पन्नास हर्ट्झवर हे जाणवतसुद्धा नाही. तिथं ५८२२ हा झटपट बंद होणारा शॉटकी डायोड हवा होता. पण त्याची झेप ४० व्होल्टपर्यंतच, म्हणून मेन्सच्या, म्हणजे २३० व्होल्टच्या, बाजूला त्याला नेऊ नका.

तो जळका ५४०८ या डबीत आहे. मल्टीमीटर डायोड रेंजवर ठेवून चांगल्याशी ताडून बघा: चांगला एका बाजूनं ०.५-०.६ व्होल्ट दाखवेल, हा दोन्हीकडून बीप देतो. डबी मात्र परत पाठवा, पुढच्या बॅचला लागते.