कोल्हापूरच्या गच्चीवरून अवकाशयानं

आकाशावरच्या कुठल्याही व्याख्यानाआधी एक फोन हमखास येतो, "सर, पोरासाठी दुर्बीण घ्यायचीय, कुठली घेऊ?" आजच्या विषयाला, म्हणजे गच्चीवरून उपग्रह बघायला, दुर्बीण नकोच. उलट तिनं पंचाईत होते. ती आकाशाचा एवढासा तुकडा दाखवणार आणि आपलं पाहुणं पाच-सहा मिनिटांत अख्खं आकाश ओलांडून जाणार. दोन डोळे, जरा मोकळी गच्ची आणि वेळ पाळायची सवय, एवढ्यावर भागतं. यातली तिसरी गोष्ट आपल्याकडं जरा दुर्मीळ आहे, हे आत्ताही मागच्या दारानं येणारी मंडळी सिद्ध करतायत. या, बसा.

बहुतेकांचं बिनसतं ते वेळेपाशीच. जेवणं उरकून अकरा वाजता गच्चीवर जायचं, तासभर मान दुखवून घ्यायची आणि "काय दिसत न्हाई" म्हणून खाली यायचं. अकराला दिसणार कसं? उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याला दिसतं ते त्याच्यावर पडलेलं ऊन. म्हणजे आपल्याकडं अंधार हवा आणि वर ऊन हवं. हे दोन्ही एकाच वेळी कधी जमतं?

कोल्हापूरकरांना हे समजावणं सोपं आहे, कारण अंबाबाईचा किरणोत्सव आपण पाहिलेला असतो. मावळतीची किरणं आधी देवीच्या चरणांवर येतात, मग कमरेपर्यंत, मग मुखावर. सूर्य खाली उतरतो तसं ऊन वर चढतं आणि त्याच्या पाठोपाठ सावली चढते. मूर्तीपाशी आपलं पाहणं संपतं, सावलीचं चढणं संपत नाही. ती मंदिराच्या शिखरांवरून जाते, जोतिबाच्या डोंगरावरून जाते आणि साधारण दीड तासानं आपल्या डोक्यावर ४०० किलोमीटर उंचीवर पोचते. गणित शाळेतलंच आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरा. सूर्य क्षितिजाखाली २० अंश गेला की डोक्यावरचं ४०० किलोमीटरवरचं ऊन संपतं. आपल्या अक्षांशावर सूर्य तासाला जवळपास १४ अंश खाली जातो. करा भागाकार.

जाता जाता एक सांगतो. किरणोत्सव नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होतो आणि परत जानेवारी संपता संपता, कारण हे दोन्ही मुहूर्त २१ डिसेंबरच्या, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो त्या दिवसाच्या, अलीकडं-पलीकडं सारख्याच अंतरावर आहेत. तेव्हा सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही, १८ अंश दक्षिणेला सरकलेला असतो. ज्यानं हे मंदिर बांधलं त्याला दिशा चोख माहीत होत्या. आपण मोबाईलमधलं होकायंत्र उघडतो तरी वायव्य कुठली ते विचारतो!

तर आपली वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत, किंवा पहाटे सूर्योदयाआधी तेवढीच. युरोपात उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही, तिथं रात्रभर उपग्रह दिसतात. आपल्याला ती चैन नाही.

सगळ्यात सोपं सावज म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. १०९ मीटर लांब, ४०० टनांहून जड, ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरच्या वेगानं दीड तासात पृथ्वीला एक फेरी. नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. त्याच्या वाटा दोनच. एकतर नैर्ऋत्येकडून, म्हणजे राधानगरीच्या अंगानं, वर येऊन ईशान्येला उतरायचं. नाहीतर वायव्येकडून, जोतिबाच्या बाजूनं, येऊन आग्नेयेला विमानतळाकडं जायचं. पूर्वेकडून पश्चिमेला जाताना कुणी दाखवलं तर खुशाल पैज लावा, ते स्थानक नव्हे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते विमानच वाटतं. पण लाल-हिरवी उघडझाप नाही, आवाज नाही. पिवळसर पांढरा ठिपका, एका लयीत चढणारा. डोक्यावरून जाणारी फेरी असेल तर शुक्राशी टक्कर देईल इतका ठळक. आणि खरी गंमत पुढं आहे. संध्याकाळच्या फेरीत ते पुष्कळदा क्षितिजापर्यंत पोचतच नाही. भर आकाशात, ढगाचा पत्ता नसताना, ठिपका आधी तांबूस होतो, मग काही सेकंदांत विझतो. तिथं पृथ्वीच्या सावलीची कड आहे. वरच्या मंडळींचा तो सूर्यास्त, दिवसाकाठी होणाऱ्या पंधरा-सोळांपैकी एक. मुलांना सांगा, विझण्याची जागा शेजारच्या ताऱ्यावरून लक्षात ठेवा. पुढच्या फेरीला ती सरकलेली सापडेल.

वेळा कुठून कळतात? 'हेवन्स अबव्ह' हे ॲप किंवा नासाची 'स्पॉट द स्टेशन' सेवा. ठिकाण कोल्हापूर निवडा, नाहीतर मुंबईच्या वेळा घेऊन बसाल. तक्त्यात तीन गोष्टी बघायच्या. तेजस्वितेचा आकडा उणे असेल तर उत्तम, जितका जास्त उणे तितकं ठळक. कमाल उंची ४० अंशांच्या वर असेल तर बिल्डिंगा आडव्या येत नाहीत. आणि दिशा. हात ताठ समोर धरून मूठ वळली की ती दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ चढवत जा, चार मुठींवर चाळीस. वेळापत्रक दोन-तीन दिवसांपलीकडचं पक्कं धरू नका. स्थानकाची उंची अधूनमधून इंजिन पेटवून वाढवतात, मग वेळा हलतात. काही दिवस ओळीनं दर्शन होतं, मग कित्येक दिवस नाहीच.

आता आपला फायदा. हबल ही अवकाशातली दुर्बीण १९९० पासून सुमारे ५०० किलोमीटरवर फिरतेय, पण तिची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांचाच कोन करते. म्हणजे साडेअठ्ठावीस अक्षांशाच्या उत्तरेला ती जातच नाही, म्हणून लंडनहून दिसत नाही. आपण १६.७ अक्षांशावर, त्यामुळं ती आपल्या अगदी माथ्यावरून जाते. फार ठळक नाही, ध्रुवताऱ्याच्या आसपास, पण ज्या दुर्बिणीची चित्रं पाठ्यपुस्तकांत छापतात ती स्वतः रंकाळ्यावरून जाताना बघायची म्हणजे नाद खुळा! चीनचं तिआनगाँग स्थानकही झकास दिसतं. आणि उत्तर-दक्षिण जाणारा फिकट ठिपका दिसला तर तो बहुधा पृथ्वीचं निरीक्षण करणारा उपग्रह. तुमच्या टीव्हीच्या डिशचा उपग्रह मात्र ३६,००० किलोमीटरवर. तो नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही.

ठिपका ठरावीक वेळानं उजळत-मंदावत असेल तर बऱ्याचदा ते कोलांट्या खाणारं रिकामं रॉकेट असतं. रॉकेटांची ही फसवणूक जुनी आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये जगभर लोकांनी "स्पुटनिक पाहिला" म्हणून सांगितलं. स्पुटनिक, म्हणजे माणसानं सोडलेला पहिला उपग्रह, होता ५८ सेंटिमीटरचा गोळा. बहुतेकांनी पाहिलं ते त्याच्या मागं फिरणारं रॉकेटचं धूड.

२०१९ पासून स्टारलिंकची, म्हणजे इंटरनेटसाठी सोडलेल्या उपग्रहांची, आगगाडी आली. उड्डाणानंतर पहिले काही दिवस ते उपग्रह एकामागं एक रांगेनं जातात. मग मला फोन, "उडत्या तबकड्या आल्यात." मौज आहे खरी, पण हजारोंनी वाढलेल्या या ठिपक्यांनी खगोलशास्त्रज्ञांच्या छायाचित्रांवर रेघोट्या ओढल्यात. मला त्याचं कौतुक बेतानंच वाटतं.

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात नाव काढू नका. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये स्थानकावर होते २६ जून ते १४ जुलै, म्हणजे पंचगंगेकडं बघायचे दिवस, आकाशाकडं नव्हे.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, "हे खाली पडतं का?" पडतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात खूप जणांनी जळत जाणारे गोळे पाहिले. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, हे सावकाश, तुकडे होत, रांगेनं चाललं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलं मोठं कडं पडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च ३-बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा, असं अभ्यासकांनी कक्षेच्या नोंदींवरून दाखवलं. असलं काही तुमच्या उसात सापडलं तर भंगारवाल्याला बोलवू नका, हातही लावू नका. आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना कळवा, पंचनामा होऊ द्या.