गिरणी किती लांब?

श्रोतेहो, नमस्कार. प्लॉट घेताना आपण भाव विचारतो, समोरचा रस्ता किती फुटी तेही विचारतो. पिठाची गिरणी कुठे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

मग कळणा दळायची वेळ येते. जळगावच्या कडेला नव्या कॉलनीत राहणाऱ्या ताई ज्वारी-उडदाचा डबा स्कूटीवर पायाशी ठेवतात आणि दीड-दोन किलोमीटर जातात. ज्या आजींना स्कूटी येत नाही, त्यांना दळणापेक्षा रिक्षाच महाग पडते.

धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत ही अडचण नव्हती. 1819 च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशचं मुख्य ठाणं केलं आणि व्यापारी-कारागिरांना बोलावून घरांसाठी जागा दिल्या. तिथल्या गल्ल्या आजही नंबरानेच ओळखल्या जातात. खाली दुकान, वर बिऱ्हाड. शाळा, दवाखाना, किराणा सगळं पायी. गाडी लावायला जागा नाही ही बोंबही तिथलीच, ते सोडा.

पॅरिसमधले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी 2016 मध्ये ‘पंधरा मिनिटांचं शहर’ ही कल्पना मांडली, 2020 च्या निवडणुकीत महापौर ॲन हिदाल्गो यांनी ती उचलून धरली. रोज लागणारं सगळं घरापासून पंधरा मिनिटांत, म्हणजे चालत साधारण एक किलोमीटरवर. पण हा हिशेब पॅरिसच्या हवेतला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. भरदुपारी रक्तदाबाची गोळी आणायला निघालेल्या आबांना अर्धा किलोमीटरही जीवावर येतो. त्यामुळे आमच्या खानदेशात अंतराआधी सावली बघावी, असं माझं मत आहे: रस्त्याकडेला निंबाची रांग आणि मध्येच न तुटणारा फुटपाथ. मध्ये हायवे आडवा असेल, तर पलीकडची शाळा जवळ असून काय कामाची?

जागाच नाही, असंही नाही. मोठा लेआउट मंजूर होताना ओपन स्पेस सोडावीच लागते. कितीतरी ठिकाणी तिथे गाजरगवत माजलंय. विकास आराखड्यात शाळा, भाजीबाजार, दवाखान्यासाठी आरक्षणं, म्हणजे राखून ठेवलेल्या जागा असतात. आराखडा नगररचना विभागात बघायला मिळतो. आपल्या कॉलनीजवळचं आरक्षण कोणत्या गट नंबरच्या जमिनीत आहे, ते एकदा बघून या. कारण 1966 च्या नगररचना कायद्यात कलम 127 आहे. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर जमिनीचा मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण उडतं. ती नोटीस कॉलनीच्या पत्त्यावर येत नाही.