रिकामी हॉस्टेलं, रिकामा फ्रीज आणि आमचा रोटरॅक्ट क्लब

नमस्कार मंडळी! कसे आहात सगळे? बाहेर पाऊस धरलाय, चहा ठेवला असेल तर गॅस बारीक करा आणि दहा मिनिटं माझ्यासोबत बसा, कारण आज मला तुमच्याशी आमच्या क्लबबद्दल बोलायचंय आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एका मे महिन्याबद्दलच जास्त बोलायचंय.

मी पुण्यातल्या एका रोटरॅक्ट क्लबची मावळती अध्यक्ष. आता तीन-चार दिवसच राहिलेत, कारण रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, त्यामुळे जून संपत आला की आमच्याकडे हिशोब, रिपोर्टिंग, नव्या बोर्डाला फाइली देणं आणि इन्स्टॉलेशनची म्हणजे पदग्रहण समारंभाची तयारी अशी एकच घाई असते. रोटरॅक्ट म्हणजे रोटरीचा तरुण मुलामुलींचा क्लब, रोटरी आणि अ‍ॅक्शन हे दोन शब्द जोडून ते नाव झालं. पहिला क्लब अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात १३ मार्च १९६८ ला सुरू झाला, म्हणून अजूनही १३ मार्चच्या आठवड्यात जगभर रोटरॅक्ट वीक करतात. शाळेतल्या मुलांचा तो इंटरॅक्ट, आणि लायन्सवाल्यांच्या पोरांचा तो लिओ क्लब, खूप लोक हे तिन्ही एकच समजतात म्हणून आधीच सांगून टाकलं. आमच्या डिस्ट्रिक्टचा, म्हणजे रोटरीच्या विभागाचा, नंबर ३१३१, त्यात पुणे आणि रायगड येतं.

आता त्या मे महिन्याकडे येते.

क्लबमधलं माझं दुसरं वर्ष होतं. परीक्षा झाल्या आणि अख्खा क्लब गावी गेला, कोणी लातूर, कोणी जळगाव, कोणी कणकवली. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका सुद्धा निम्म्या रिकाम्या, कर्वेनगरच्या हॉस्टेलांना कुलपं. मी पुण्यातलीच, त्यामुळे क्लबचा फोन माझ्याकडे होता. एका दुपारी एका बाबांचा फोन आला. त्यांचा मुलगा ७ वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या मुलांच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट तयारच होत नाही, त्यामुळे दर दोन ते चार आठवड्यांनी त्यांना रक्त चढवावंच लागतं, म्हणजे आपण जसं महिन्याचं वाण्याचं सामान भरतो तसं त्या आईबाबांना दर महिन्याला रक्त शोधायचं असतं, वर्षानुवर्षं. ग्रुप काही दुर्मिळ नव्हता हो, ओ पॉझिटिव्ह! आपल्याकडे दहा माणसं उभी केली तर त्यात तिघं तरी निघतील असा ग्रुप. तरी दोन रक्तपेढ्यांचे फ्रीज रिकामे होते आणि डोनर घेऊन या असं सांगितलं होतं.

मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला, अडीचशे जण आहेत त्यात, आणि धडाधड रिप्लाय आले, "मी देतो पण मी गावी आहे", "मी सोमवारी येतेय चालेल का". सगळ्यांची इच्छा होती, पुण्यात माणूस नव्हता. मी स्वतः देऊ शकत नव्हते, ते का ते पुढे सांगते. संध्याकाळी सात वाजता मी मैत्रिणीच्या हॉस्टेलवर गेले, म्हटलं कोणी एखादी राहिली असेल, तर गेटवर वॉचमन काका बसलेले. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, माझा ग्रुप मला माहीत नाही, पण बघू की." वय ५२, आयुष्यात कधी रक्त दिलेलं नाही. माझ्या स्कूटीवर मागे बसून आले. ग्रुप निघाला ओ पॉझिटिव्ह!

रक्त दिलं की लगेच चढवता येत नाही, आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या तपासण्या होतात, म्हणून त्या मुलाला दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी लागली. त्याच्या बाबांनी फोन करून फक्त "लागली" एवढंच सांगितलं आणि रडायला लागले. मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही.

तर मंडळी, असं का होतं बघा. आपल्याकडे रक्तदान शिबिरं कमी होत नाहीत, उलट जयंत्या, वाढदिवस, १ ऑक्टोबरचा स्वैच्छिक रक्तदान दिन, कॉलेजांची गॅदरिंग असं सगळं धरून शिबिरांची रेलचेल असते. पण रक्त हे काही कोठीतले गहू नाहीत. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट तर फक्त ५ दिवस. म्हणजे जानेवारीत कितीही मोठं शिबिर घ्या, त्यातली लाल पेशींची एकही पिशवी मे महिन्याला पुरत नाही. रक्त देणाऱ्यांमध्ये मोठा वाटा कॉलेजच्या पोरांचा आणि ऑफिसवाल्यांचा, आणि एप्रिल-मे आला की तीच मंडळी गावी किंवा लग्नात. दिवाळीच्या सुट्टीत पण तेच. आजारी मुलांना मात्र सुट्टी नसते.

आमचा क्लब तोपर्यंत दरवर्षी जुलैमध्ये शिबिर घ्यायचा, कारण नवीन वर्ष, नवीन बोर्ड, उत्साह दांडगा. चांगलंच होतं ते, मी त्याला नावं ठेवत नाही, पण जुलैमध्ये पुण्यात आणखी दहा क्लब शिबिर घेत असतात.

आता यात परदेशातला क्लब कसा आला ते सांगते. रोटरॅक्टमध्ये इंटरनॅशनल सर्व्हिस नावाचं एक खातं असतं आणि त्यात दुसऱ्या देशातल्या क्लबशी लेटरहेड एक्सचेंज करतात, म्हणजे त्यांनी आपल्याला त्यांच्या लेटरहेडवर पत्र पाठवायचं, आपण त्यांना, मग एक व्हिडिओ कॉल, एक स्क्रीनशॉट. आम्ही पण असंच कोलंबोच्या एका क्लबशी केलं. कॉलवर मी त्यांना सहज विचारलं की तुमच्याकडे उन्हाळ्यात रक्ताचं काय करता? तिकडची मुलगी म्हणाली, मे महिन्यात? मे मध्ये तर आमच्याकडे वेसाक असतो, लोक रांगा लावून रक्त देतात!

वेसाक म्हणजे आपली वैशाख पौर्णिमा हो, बुद्ध पौर्णिमा. श्रीलंकेत त्या दिवशी घराघरांवर कंदील लावतात, रस्त्यावर दन्सल म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट खाणंपिणं देणारे मांडव असतात आणि दान म्हणून रक्त द्यायची तिकडे मोठी पद्धत आहे, विहारांमध्ये शिबिरं होतात. तिथे रक्त स्वेच्छेने देणाऱ्यांकडूनच घेतलं जातं, नातेवाईकांना डोनर आणा म्हणून पळवत नाहीत. मी ते ऐकलं आणि कॅलेंडर बघितलं. बुद्ध पौर्णिमा आपल्याकडेही आहे, तीही नेमकी एप्रिल-मे मध्येच येते, आणि पुण्यात विहार किती आहेत!

पुढच्या वर्षी आम्ही जुलैचं शिबिर उचललं आणि बुद्ध पौर्णिमेला ठेवलं. एका वस्तीतल्या विहाराच्या समितीने खालचा हॉल दिला, वर पंखे सहा, आम्ही दोन कूलर भाड्याने आणले. दुपारी ३९ डिग्रीत कोण येणार म्हणून वेळ ठेवली संध्याकाळी ५ ते रात्री ९. आमच्यापैकी पुण्यात होतो फक्त सातजण, म्हणून त्या आधीचे तीन रविवार आम्ही वस्तीत घरोघरी फिरलो, हॉस्टेलच्या मेसवाल्या मावशींना सांगितलं, रिक्षा स्टँडवर सांगितलं, गिरणीवाल्या दादांना सांगितलं. म्हणजे जी माणसं मे महिन्यातही इथेच असतात त्यांना. बायका खीर घेऊन आल्या होत्या, रक्त देऊन उठलेल्या प्रत्येकाला बिस्किट आणि फ्रूटीच्या जोडीला वाटीभर खीर. आमचे वॉचमन काका पहिल्या नंबरवर झोपले होते, हातात तो लाल स्पंजचा बॉल दाबत, आणि शेजारच्या कोचवरच्या घाबरलेल्या पोराला सांगत होते, "इकडं माझ्याकडं बघ, सुईकडं बघू नको." त्या दिवशी पन्नासच्या वर पिशव्या झाल्या. जुलैमध्ये आम्हाला याच्या दुप्पट व्हायच्या. पण रक्तपेढीचे डॉक्टर जाताना म्हणाले की या पन्नास मला उद्याच लागणारेत.

यंदाही घेतलं, तिथेच. कोलंबोच्या क्लबने त्यांच्या वेसाकचे फोटो पाठवले, आम्ही आमचे. आता ते लेटरहेड माझ्या टेबलासमोर लावलंय.

आता मी स्वतः का देऊ शकत नव्हते ते. शिबिरात गेलात की आधी बोटाला टोचून एक थेंब घेतात आणि बऱ्याच ठिकाणी तो मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब झपकन तळाला गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे, म्हणजे तुम्ही देऊ शकता. वरच रेंगाळला तर नाही. पहिल्या वर्षी मी क्लबचा टीशर्ट घालून, सगळ्यांना ओढून आणून, मोठ्या रुबाबात बोट पुढे केलं आणि माझा थेंब वरच तरंगत राहिला. मला इतकं वाईट वाटलं. पण मागे वळून बघितलं तर बाकावर माझ्यासारख्या अकरा मुली बसल्या होत्या, सगळ्या नापास. मुलगा एकच.

तेव्हा कळलं की हा आपला एकटीचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे. निम्म्याहून जास्त! सकाळी चहा-बिस्किट खाऊन कॉलेज, दुपारी वडापाव, पाळीत पोट दुखलं तरी कोणाला सांगायचं नाही, असं सगळं चाललेलं असतं. मी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट बजावली की गोळी चहासोबत घ्यायची नाही, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाणी चालेल. जेवल्याजेवल्या चहा प्यायची सवय असलेल्या माझ्या आईला हे पटवायला जास्त वेळ लागला. साडेपाच महिन्यांनी माझा थेंब तळाला गेला आणि मी तिथे टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून क्लबमध्ये नवीन मुलगी आली की आम्ही आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घेतो, फॉर्म नंतर भरतो.

आणि थॅलेसेमियाबद्दल एक गोष्ट, लग्न ठरत असलेल्या सगळ्यांनी ऐका. नवराबायको दोघंही थॅलेसेमियाचे कॅरियर असतील, म्हणजे वरून ठणठणीत, त्यांना स्वतःला काही त्रास नाही, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर व्हायची शक्यता चारात एक असते. एका रक्ततपासणीत कळतं. पत्रिका जुळवताना ही एक चिठ्ठी पण जुळवून बघा, हात जोडून सांगते.

बाकी वर्षभरात काय केलं? पोलिओ रविवारी बूथवर बसलो, बाळांच्या करंगळीला मार्कर लावायचं काम मला फार आवडतं. रोटरीने १९८५ साली पोलिओप्लस ही पोलिओ संपवायची मोहीम हाती घेतली, आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त झालो, पण शेजारी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, म्हणून डोस चालूच ठेवायचे. विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा केलं. टेकडीवर झाडं नवीन लावली नाहीत, गेल्या वर्षीचीच ५ लिटरच्या कॅनने एप्रिल-मे भर जगवली, बरीचशी जगली.

आता नव्या वर्षाची बातमी. मेंबरशिप सुरू झालीय. वय १८ पूर्ण हवं, आणि वरची अट आता नाही, पूर्वी तिसाव्या वर्षी बाहेर पडावं लागायचं, ती मर्यादा १ जुलै २०२० पासून काढून टाकली. शिकणारे, नोकरीवाले, दुकान सांभाळणारे, सगळे या. आम्हाला खासकरून पुण्यातच राहणारी, मे महिन्यात गावी न जाणारी पोरं हवीत. आणि गावी जाणाऱ्यांनो, तुम्हीही या, पण जायच्या आधी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, रक्त देऊन मग गाडी पकडा. पुरुषांना दर ३ महिन्यांनी देता येतं, बायकांना ४ महिन्यांनी, वजन ४५ किलोच्या वर हवं. आजची तारीख धरून बोटांवर मोजा, नवीन वर्षात किती वेळा होतं ते.

माझ्यानंतर जो अध्यक्ष होतोय ना, तो त्या मे महिन्यात कणकवलीला होता. पुढच्या बुद्ध पौर्णिमेला तो गावी जाणार नाहीये, त्याने घरी आत्ताच सांगून टाकलंय. पहिली मीटिंग जुलैच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आहे, आणि वॉचमन काका सुद्धा येणारेत, ते आमचे मेंबर नाहीत पण चहा त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. त्या दिवशी हिमोग्लोबिनची तपासणी ठेवलीय, मोरचुदाची बाटली टेबलावर असेल. येताना दुपारचं नीट जेवून या.