वेळ पाळणारा कॉम्प्युटर

(दृश्य : लॅमिंग्टन रोड. दुकानाबाहेर रचून ठेवलेले जुने डेस्कटॉप.)

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला आलात की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कशासाठी पाहिजे? गेमिंग, एडिटिंग की ऑफिस?" आज इथे आलेल्या मामा-भाचीचं काम या तिन्हींत बसत नाही. त्यांना कॉम्प्युटर हवाय तो धातू कापून आकार देणारं मिलिंग मशीन चालवायला.

मामांनी आयुष्यभर टूलरूममध्ये फिटरचं काम केलं. भाचीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. भांडुपला एलबीएस मार्गाजवळच्या एका गाळ्यात दोघांनी मिळून टेबलावर मावेल एवढं मिलिंग मशीन उभं केलंय. हाताने फिरवायची चाकं काढून तिन्ही अक्षांना स्टेपर मोटर बसवल्या आहेत. मोटर फिरवणारे ड्राइव्ह आले, पॉवर सप्लाय आला. राहिलाय तो कॉम्प्युटर.

दुकानदार नव्यातला नवा काढून दाखवतो. भाचीचं लक्ष मात्र मागच्या रांगेत आहे, विंडोज ११ चढत नाही म्हणून ऑफिसांनी काढून टाकलेल्या पेट्यांकडे. ती असं का करते, हे कळायला थोडा हिशेब करावा लागेल.

(दृश्य : स्टेपर मोटर, जवळून. शाफ्टला चिकटवलेला कागदाचा बाण.)

स्टेपर मोटर पावलापावलाने फिरते. एका फेऱ्यात २०० पावलं, प्रत्येक पाऊल १.८ अंशांचं. ड्राइव्ह त्या पावलाचे आणखी ८ भाग करतो, म्हणजे एका फेऱ्याला १,६०० पल्स (विजेचे ठोके). मामांनी बसवलेल्या, टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूचा पिच ५ मिलिमीटर आहे, म्हणजे एका फेऱ्यात टेबल तेवढं सरकतं. तेव्हा टेबल एक मिलिमीटर सरकायला ३२० पल्स हवेत. आता हेच टेबल मिनिटाला १,२०० मिलिमीटर वेगाने न्यायचं म्हटलं, तर सेकंदाला ६,४०० पल्स द्यावे लागतात. दोन पल्समधलं अंतर साधारण १५६ मायक्रोसेकंद. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले १५६.

मशीन थेट पॅरलल पोर्टवर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरला प्रिंटरसाठी असणाऱ्या सॉकेटवर, चालवायचं तर हे पल्स कॉम्प्युटरने स्वतः द्यायचे असतात. तो मध्येच दुसऱ्या कशात अडकला, की पल्स उशिरा पडतो. मोटर वेगात असेल तर अडखळते आणि पावलं गाळते. साध्या स्टेपर मोटरला मागे काही कळवायची सोयच नसते. कॉम्प्युटरच्या हिशेबाने टेबल ४० मिलिमीटरवर असतं, प्रत्यक्षात ३९.६ वर. तिथून पुढचा प्रत्येक कट तेवढाच सरकलेला. जॉब वाया जातो, कधी एंड मिल हे कापणारं टूलही तुटतं.

तबलजीचा हात किती जलद चालतो, यापेक्षा तो समेवर येतो की नाही, हे आधी बघतात. इथेही तसंच. कोर किती, रॅम किती, हे प्रश्न नंतरचे. वेळेवर येतोस का, हा पहिला.

ही परीक्षा घेण्याची सोय लिनक्स सीएनसी या मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मापन संस्थेत या प्रोग्रामची सुरुवात झाली. तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि पुढे जगभरच्या हौशी मंडळींनी वाढवला. फुकट मिळतो, आणि इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनही चालतो. माझ्या मते जुना कॉम्प्युटर घेणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.

"दादा, पेनड्राइव्हवरून चालू करून बघू का?" भाची विचारते. दुकानदार मॉनिटर जोडून देतो.

(दृश्य : पडद्यावर लेटन्सी टेस्ट.)

पडद्यावर आकडा दिसतोय तो उशिराचा, नॅनोसेकंदांत. नुसता बसलेला कॉम्प्युटर चांगलाच वागतो, म्हणून ती त्याला मुद्दाम छळते. मोठी फाइल कॉपीला लावते, फिरत्या चक्रांचं ग्राफिक्स सुरू करते, खिडक्या इकडून तिकडे ओढते. पहिल्या पेटीवर आकडा बराच वेळ १२,००० च्या आसपास राहतो आणि अचानक १,८०,००० वर उडी घेतो. म्हणजे १८० मायक्रोसेकंद. पेटी बाद. दुसरी जुनी, जाड, कोपऱ्याला पत्रा वाकलेली. तिचा आकडा १६,००० च्या वर जात नाही. २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम, ३० ते ५० मध्ये काम चालतं पण वेग कमी ठेवावा लागतो, आणि १०० च्या पुढे गेला तर पल्स देण्याचं काम त्या कॉम्प्युटरवर टाकू नये. दुकानातली तपासणी म्हणजे नुसती चाळणी. खरी टेस्ट गाळ्यात रात्रभर चालते.

"मग घरचा लॅपटॉप काय वाईट होता?" मामांचा प्रश्न रास्त आहे. लॅपटॉपचा जीव बॅटरी वाचवण्यात असतो. तापमान आणि वीज सांभाळायला बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) मध्येच प्रोसेसर ताब्यात घेतो, ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ताही लागत नाही. शिवाय पॅरलल पोर्ट नाही. यूएसबीला लावायची पॅरलल केबल बाजारात मिळते, पण ती प्रिंटरपुरती. यूएसबीवर माहिती गठ्ठ्याने जाते, असे नेमके पल्स तिच्यातून निघत नाहीत.

लॅपटॉपच वापरायचा असेल तर पल्सचं काम दुसऱ्याकडे द्या. आर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डवर जीआरबीएल हा प्रोग्राम घातला, की १६ मेगाहर्ट्झची ती चिप सेकंदाला ३०,००० पर्यंत पल्स देते. कॉम्प्युटरने फक्त जी-कोडच्या, म्हणजे मशीनला हालचाली सांगणाऱ्या, ओळी पाठवत राहायचं. पहिल्यांदाच मशीन करणाऱ्याला मी हाच रस्ता सुचवेन. पैसे जास्त असतील तर मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड घ्या. लिनक्स सीएनसी तेच राहतं, पल्स कार्ड देतं, आणि कॉम्प्युटरला मिलिसेकंदाला एकदाच हजेरी लावावी लागते.

(दृश्य : भांडुपचा गाळा. मामा वायरिंग करताना.)

मामा-भाचीने घेतली ती कोपरा वाकलेली पेटी. बायोसमध्ये हायपर-थ्रेडिंग (एक कोर दोन असल्यासारखा वापरणं) बंद, वीज वाचवणाऱ्या सी-स्टेट बंद, प्रोसेसरचा वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद. लिनक्स सुरू होतानाच एक कोर मशीनसाठी राखून ठेवला. इंटरनेट जोडलेलं नाही, आणि कट चालू असताना जोडूही नये.

वायरिंगवर मामांची हुकमत. पॅरलल पोर्ट आणि ड्राइव्हच्या मध्ये ऑप्टो-आयसोलेटर (विजेची थेट जोडणी न ठेवता प्रकाशाने सिग्नल नेणारा भाग) असलेला जोडणीचा ब्रेकआउट बोर्ड, म्हणजे ड्राइव्ह जळला तरी मदरबोर्ड वाचतो. टूल फिरवणाऱ्या स्पिंडलच्या व्हीएफडीची (त्याचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) केबल शील्डवाली, आणि सिग्नलच्या वायरींपासून लांबून नेलेली. अर्थिंग त्यांनी स्वतः तपासलं. लाल इमर्जन्सी बटण थेट ड्राइव्ह आणि स्पिंडलचा सप्लाय तोडतं. ते कॉम्प्युटरच्या भरवशावर ठेवायचं नाही, कारण कॉम्प्युटर हँग झाला तरी बटण चाललं पाहिजे. इथे तडजोड नाही.

पेटी मशीनपासून दूर, भिंतीवर वर बसवली आहे. अॅल्युमिनियमचा बुरा वीज वाहून नेतो, आणि पंख्याने आत ओढला तर मदरबोर्डवर शॉर्ट होतो, म्हणून मामा पंख्यासमोर जाळी लावतात. मुंबईच्या हवेचं वेगळंच दुखणं. पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, म्हणून मामा जोडण्या काढून साफ करतात.

आता कसोटी. टेबलाला डायल इंडिकेटर टेकवला, काटा शून्यावर. डायलची एक रेघ म्हणजे ०.०१ मिलिमीटर. भाचीने छोटा प्रोग्राम लिहिला : ५० मिलिमीटर जा, परत ये, वेगाने, शंभर वेळा. टेबल धावतं, थांबतं, परत येतं. प्रत्येक वेळी काटा शून्यावर येऊन उभा राहतो. मामा वाकून बघताहेत. "परत एकदा, आता फीड वाढव," ते म्हणतात. फीड, म्हणजे टेबलाचा वेग, वाढतो. काटा शून्यावरच.

एक काम अजून बाकी आहे. जुन्या मदरबोर्डवर सीआर२०३२ चा सेल असतो. तो संपला आणि मेन स्विच बंद केला, की बायोस सगळं विसरतो. बंद केलेल्या गोष्टी पुन्हा चालू होतात आणि चांगलं चाललेलं मशीन एका सकाळी पावलं गाळायला लागतं. भाचीने नवा सेल घातलाय, बायोसमधले बदल कागदावर लिहून पेटीच्या आत चिकटवलेत, आणि पूर्ण डिस्कची एक कॉपी काढून मामांच्या कपाटात ठेवली आहे.