पावसाळ्यात झारी बाजूला ठेवा

मृग लागला की आपल्याकडं भिंतींना ओल येते, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. तरी सोप्यातल्या कुंडीला रोज तांब्याभर पाणी चालूच. मातीतल्या फटी पाण्यानं भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, मग बुरशी त्यांना कुजवते. पानं पिवळी पडतात, ती बघून आपण आणखी पाणी ओततो.

न मरणारं झाड मागाल तर मी तीन सांगेन: स्नेक प्लांट, झेडझेड (झेडझेड प्लांट), मनी प्लांट. पहिली दोन आफ्रिकेतली, कोरड्या दिवसांना सरावलेली. एकाचा पाण्याचा साठा जाड पानांत, दुसऱ्याचा मातीखालच्या बटाट्याएवढ्या गड्ड्यांत. मनी प्लांटकडं असला साठा नाही, म्हणून तिघांना एकाच दिवशी पाणी घालू नका. जागा खिडकीपासून तीन-चार फुटांत. दुपारी दिवा न लावता पेपर वाचता आला तर उजेड पुरे. अंधाऱ्या माजघरात झेडझेड तग धरेल, वाढणार नाही.

मातीबद्दल जरा सविस्तर. आपल्या बेळगाव जिल्ह्यातली निपाणी-चिकोडीकडची काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत नको. ओली झाली की फुगून चिकटते, सुकली की भेगाळते आणि पाणी कडेनं निसटून जातं. खानापूरकडची तांबडी माती 2 वाटे, जाड वाळू 1, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 1, कुजलेलं शेणखत अर्धा. कुंडी भाजक्या मातीची, सहा इंची, भोकाची. तळाला खडीचा थर घालायची पद्धत आहे, ती सोडा. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं. भोकावर एक खापरी, बास.

पाण्याला वार ठरवू नका. खराट्याची काडी तीन इंच खुपसून काढा. माती चिकटून आली तर आज पाणी नाही. कोरडी आली तर तळातून निथळेपर्यंत घाला, पंधरा मिनिटांनी ताटली रिकामी करा. स्नेक प्लांटला उन्हाळ्यात साधारण दहा-बारा दिवसांनी लागतं, जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर नाही घातलं तरी चालतं.

स्नेक प्लांटचं पान बुडाशी मऊ पडून हलकेच हातात आलं आणि वास मारत असेल, तर झाड त्याच दिवशी उपसा. कुजका भाग घट्ट पांढरा गर लागेपर्यंत कापा, सावलीत चार दिवस सुकवा, कोरड्या मातीत लावा, पाणी आठवड्यानंतर.

तान्ही पोरं, मांजर घरात असेल तर तिन्ही उंचावर ठेवा. पान चावलं तर त्रास होतो, मनी प्लांट-झेडझेडनं तर तोंडाची आग होते.

आणि पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावाल, तर पिल्लू नुसतं हिरवं येईल. काठ हवा असेल तर मुळासकट फुटवाच वेगळा काढा.